रद्दी की खजिना? जुन्या सिनेमाचं ओरिजिनल पोस्टर ओळखायचं कसं

समजा, नांदेड किंवा लातूरकडचं तुमचं जुनं माळवदाचं घर पाडायला काढलंय. सामान हलवताना आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत घडी घातलेला एक कागदांचा गठ्ठा सापडतो. उघडून बघता तर काय, सिनेमाची पोस्टरं. एकावर घोड्यावरचा हॅटवाला गोरा हिरो, दुसऱ्यावर ‘शोले’. आजोबा कधीकाळी टॉकीजमध्ये डोअरकीपर होते, एवढंच घरच्यांना माहीत असतं.

आता या गठ्ठ्याचं करायचं काय? रद्दीवाला किलोच्या भावाने नेईल. एखादा ओळखीचा म्हणेल, लाखो रुपये मिळतील. बहुतेक वेळा हे दोघंही चुकीचे असतात. खरं काय ते कळायला थोडी माहिती लागते, ती इथे सोप्या भाषेत बघू.

पोस्टर एवढं महत्त्वाचं का?

कारण कित्येकदा सिनेमा जातो आणि पोस्टर राहतं.

भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रिंट उपलब्ध नाही. जे काही उरलंय ते फोटो आणि जाहिरातीच्या साहित्यातून. त्याआधीच्या मूकपटांची अवस्था तर आणखी वाईट आहे. तेराशेहून जास्त मूकपट आपल्याकडे बनले, टिकले जेमतेम तीसेक, आणि त्यातलेही काही अर्धवट.

हॉलिवूडमध्येही तेच. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा 1927 चा सिनेमा. त्याची शेवटची प्रिंट एमजीएम स्टुडिओच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. सिनेमा आज कुणालाच बघता येत नाही, पण त्याचं एक पोस्टर 2014 साली अमेरिकेतल्या लिलावात 4 लाख 78 हजार डॉलरला विकलं गेलं. 2017 मध्ये ‘ड्रॅक्युला’ (1931) च्या पोस्टरला 5 लाख 25 हजार 800 डॉलर मिळाले.

हे आकडे ऐकून लगेच स्वप्नं बघायला लागू नका. ही अगदी मोजक्या पोस्टरांची गोष्ट आहे. पण मुद्दा लक्षात घ्या, हा कागद जपायलाच छापलेला नव्हता. भिंतीवर खळ लावून चिकटवायचा, आठवड्याने त्यावर दुसरा चिकटवायचा. चिकटवलेलं पोस्टर सहसा परत मिळत नाही. वाचली ती न वापरलेली, म्हणजे टॉकीजच्या ऑफिसात, डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात किंवा कुणाच्या तरी ट्रंकेत पडून राहिलेली.

मराठवाड्यात पोस्टरं यायची कुठून?

इथे एक गंमत आहे. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, 1960 ला महाराष्ट्र झाला. पण सिनेमाच्या धंद्याचा नकाशा बदललाच नाही. हिंदी सिनेमाच्या वितरणात आजही ‘निजाम’ नावाची सर्किट आहे आणि मराठवाडा त्यात मोडतो. त्यामुळे सिनेमा मुंबईत बनला तरी नांदेडकडच्या टॉकीजचा व्यवहार हैदराबादच्या डिस्ट्रिब्युटरशी असायचा.

याचा संग्राहकाला उपयोग काय? जुना माल शोधायचा तर फक्त मुंबईच्या चोरबाजाराकडे बघू नका. हैदराबादकडचा जुना साठा आणि तिथला अबिड्सचा रविवारचा पुस्तक बाजारही धुंडाळा. आणि हो, जुन्या हिंदी पोस्टरवर नाव इंग्रजी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत असणं अगदी सामान्य आहे. उर्दू दिसली म्हणून ते पोस्टर परदेशी किंवा नकली ठरत नाही.

या कलेत मराठी माणसं कुठे आहेत?

अगदी सुरुवातीला. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’ (1924) या मूकपटाचं पोस्टर हे आज टिकून असलेलं भारतातलं सर्वांत जुनं चित्रमय सिनेमा पोस्टर मानलं जातं. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. ‘दीवार’ (1975) सारख्या सिनेमांची पोस्टरं करणारे दिवाकर करकरे मराठीच.

आपल्या शेजारचं नाव म्हणजे एस. एम. पंडित. जन्म 1916, गुलबर्ग्याचा, म्हणजे तेव्हाच्या निजाम राज्यातलाच. मुंबईत एमजीएमने 1938 साली मेट्रो थिएटर सुरू केलं. तिथे लागणाऱ्या हॉलिवूडपटांची शो-कार्ड पंडितांनी रंगवली. म्हणजे परदेशी सिनेमाची जाहिरात असली, तरी हात आपल्याकडचा असू शकतो.

‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात जास्त फसवणूक या एका शब्दावर होते. चार प्रकार वेगळे समजून घ्या.

1. पहिल्या प्रदर्शनाचं पोस्टर: सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा छापलेलं. किंमत सगळ्यात जास्त याला.
2. री-रिलीजचं पोस्टर: सिनेमा पुन्हा लागला तेव्हा छापलेलं. हेही अस्सलच, फक्त नंतरचं. भाव कमी.
3. रिप्रिंट: सजावटीसाठी नंतर छापलेलं. रिप्रिंट म्हणून विकलं तर त्यात गैर काही नाही.
4. नकली: रिप्रिंटच, पण चहाच्या पाण्याने पिवळं करून, कडा फाडून ‘जुनं’ म्हणून विकलेलं.

‘शोले’चंच उदाहरण घ्या. हॉलिवूड आणि इटलीच्या काउबॉयपटांचा त्यावरचा प्रभाव सर्वांना माहीत आहे. सिनेमा 15 ऑगस्ट 1975 ला आला, नंतर कितीतरी वेळा पुन्हा लागला, 2014 ला थ्रीडी होऊन आला. त्यामुळे ‘शोलेचं ओरिजिनल पोस्टर’ एवढ्याने काही कळत नाही. कोणत्या वेळचं, हा पहिला प्रश्न विचारा.

हॉलिवूडचं पोस्टर असेल तर काय तपासायचं?

‘मॅकेन्नाज गोल्ड’ (1969) सारखे वेस्टर्न सिनेमे आपल्याकडे तुफान चालले. असं एखादं पोस्टर हाती आलं तर आधी टेप घ्या.

* अमेरिकेच्या ‘वन-शीट’ पोस्टरचा जुना आकार 27 बाय 41 इंच. 1980 च्या दशकानंतर तो साधारण 27 बाय 40 झाला. ब्रिटिश ‘क्वाड’ आडवं असतं, 40 बाय 30 इंच. भारतात छापलेली पोस्टरं बहुतेकदा 30 बाय 40 इंचांची आणि उभी. आकार 24 बाय 36 इंच असेल तर ते बहुधा दुकानात विकायला छापलेलं आहे.
* घडी बघा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकन पोस्टरं घडी घालूनच थिएटरला पाठवत. त्यामुळे 1960 च्या पोस्टरवर घडीच्या खुणा असणं ही खोट नाही. उलट घडी नुसती छापलेली असेल, बोटाला लागत नसेल, तर समजून जा.
* खालची बारीक अक्षरं वाचा. 1940 च्या दशकापासून 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक स्टुडिओंची पोस्टरं नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी पुरवायची. तिच्या पोस्टरवर खाली ‘69/’ असा आकडा असतो, त्यातले पहिले दोन अंक म्हणजे साल. आधी ‘R’ असेल तर ते री-रिलीजचं. शेजारी असंही छापलेलं असायचं की हे पोस्टर कंपनीच्या मालकीचं आहे, खेळ संपला की परत करा.

एक लक्षात ठेवा, एकाच सिनेमाचं प्रत्येक देशात वेगळं पोस्टर असतं आणि साल वेगळं असू शकतं. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ इटलीत 1966 ला आला, अमेरिकेत 1967 च्या डिसेंबरात. दोन्ही पोस्टरं आपापल्या जागी ओरिजिनलच.

भारतीय पोस्टर असेल तर?

* छापखान्याचं नाव शोधा. 1867 च्या छापखाना कायद्यानुसार भारतात छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण असणं बंधनकारक होतं. जुन्या पोस्टरच्या खालच्या कडेला ते सापडतं. रिप्रिंटमध्ये ते कापलेलं असतं किंवा वाचता येणार नाही इतकं पुसट झालेलं.
* भिंग लावा. ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत दिसतात. हल्लीच्या इंकजेटमध्ये ते फवारा मारल्यासारखे विखुरलेले असतात. जुन्या लिथोग्राफीत अशी नियमित जाळी नसते, रंग सलग किंवा खरबरीत दाणेदार दिसतो. स्कॅन करून छापलेल्या पोस्टरवर बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात.
* अंधारात यूव्ही टॉर्च मारा. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तीच. कागद चमकवणारी रसायनं साधारण 1950 नंतर सर्रास वापरात आली. 1935 चं म्हणून विकलेलं पोस्टर निळसर पांढरं लखलखलं, तर संशय घ्या.

कोणतीही एकच खूण पुरेशी नसते. तीन-चार खुणा जुळल्या तरच विश्वास ठेवा. ऑनलाइन घेताना पाठची बाजू, चारही कोपरे आणि खालची पट्टी यांचे फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तेच तुमचं उत्तर.

सापडलं, आता जपायचं कसं?

सगळ्यात मोठं नुकसान घरचेच लोक करतात, तेही प्रेमाने.

* लॅमिनेशन करू नका. ते परत निघत नाही आणि पोस्टरची किंमत जवळपास संपते.
* सेलोटेप, फेविकॉल, स्टेपल नको. फाटलं असेल तर तसंच ठेवा.
* माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कागद कडक होऊन घडीवर तुटतो. घरातली सगळ्यात थंड, आतली खोली निवडा.
* पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. ओल, वाळवी आणि कसर हे तीन शत्रू. जुन्या खळीचा अंश असेल तर कसर हमखास लागते.
* ॲसिड-फ्री कागद मध्ये घालून, पॉलिस्टरच्या पाकिटात आडवं ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्यातलं आम्ल चांगल्या कागदात उतरतं.
* फ्रेम करायची असेल तर काच कागदाला चिकटू देऊ नका आणि ऊन येणारी भिंत टाळा.

पोस्टर फारच मोडकळीला आलं असेल तर जाणकार ते कापडावर चढवतात, त्याला लिनन बॅकिंग म्हणतात. त्यात पुढे काढता येईल अशी खळ वापरतात. हे काम साध्या फ्रेमवाल्याकडे देऊ नका.

कायदा काय म्हणतो?

1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा छापील वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची खासगी निर्यात करता येत नाही. म्हणजे 1920 च्या दशकातली पोस्टरं आता एकेक करून या रेषेजवळ येत आहेत. दुसरं, कागद तुमचा असला तरी त्यावरच्या चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही. भिंतीवर लावा, विका, पण टी-शर्टवर छापून धंदा सुरू करण्याआधी चौकशी करा.

विकायचं नसेल तर?

पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी ते उभं केलं, आता ते एनएफडीसीचा भाग आहे. चित्रपटांबरोबर पोस्टर, पुस्तिका, फोटो हेही तिथे जतन होतात आणि लोकांनी दिलेला ठेवा स्वीकारला जातो. नुसतं बघायचं असेल तर मुंबईत पेडर रोडवरच्या गुलशन महालात 2019 पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

आणि काहीच करायचं नसलं तरी एक काम आजच करा. गठ्ठा उघडा, दिवसाच्या उजेडात प्रत्येक पोस्टरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आकार आणि छापखान्याचं नाव वहीत लिहा. आजोबा असतील तर त्यांना विचारा, हे कोणत्या टॉकीजचं, कोणत्या साली लागलं होतं, किती आठवडे चाललं. कागदाची खरी-खोटी ओळख भिंगाने नंतरही करता येईल. पण नांदेडच्या कोणत्या टॉकीजवर ते लागलं होतं, हे त्या कागदावर कुठेच छापलेलं नसतं.