दोन चुका, एक बरोबर उत्तर

कॉलेजात पहिल्या वर्षाला अणूचं चित्र काढलं होतं. मधे केंद्रक, भोवती ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्यांवर बसलेले शहाणे इलेक्ट्रॉन. पुढच्याच धड्यात तांब्याची तार आली आणि तेच इलेक्ट्रॉन मोकाट सुटले! असं कसं, हे विचारायचं राहूनच गेलं. या शनिवारी पुन्हा वाचायला बसलो.

इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली. तीनच वर्षांनी, १९०० मध्ये, जर्मनीतल्या पॉल ड्रूडने सांगितलं की धातूत काही इलेक्ट्रॉन सुटे असतात आणि डब्यातल्या वायूसारखे धडकत फिरतात. वीज आणि उष्णता दोन्ही तेच वाहून नेतात. या दोन वहनांचं गुणोत्तर बऱ्याच धातूंत साधारण सारखं येतं हे १८५३ पासून माहीत होतं. ड्रूडचा आकडा त्याच्याशी झकास जुळला.

पण वायूसारखे असतील, तर धातू तापवताना इलेक्ट्रॉननी भरपूर उष्णता खायला हवी. प्रत्यक्षात ते जेमतेम शंभरावा हिस्सा खातात. मग उत्तर जुळलं कसं? कारण इलेक्ट्रॉनच्या वेगाचा वर्गही ड्रूडने सुमारे शंभरपट कमी धरला होता. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं! वर हिशेबात एक दुपटीची चूक, तिने उत्तर आणखीच जवळ आणलं.

मला घाम फुटला, कारण माझ्या कोडमध्ये हेच झालं होतं. रुपयांचे पैसे करताना एकीकडे शंभरने गुणायचं राहिलं, दुसरीकडे भागायचं. सगळ्या टेस्ट पास! एक चूक सुधारली आणि रिपोर्ट कोसळला.

धातूचं कोडं १९२७ मध्ये सॉमरफेल्डने सोडवलं. पाउलीच्या १९२५ च्या नियमानुसार एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन मावतो. गच्च भरलेल्या एसटीत आतला माणूस हलू शकत नाही, हलतात ते दारातले. तसंच इथे उष्णता फक्त वरच्या पातळीवरचे थोडे इलेक्ट्रॉन घेतात, आणि ते मुळातच प्रचंड वेगवान असतात.

पण वाटेतल्या एवढ्या अणूंमधून ते जातात कसे? १९२८ मध्ये लाइपझिगला हायझेनबर्गचा विद्यार्थी फेलिक्स ब्लॉख याने, वयाच्या बाविसाव्या वर्षी, दाखवलं की अणूंची रांग नीट असेल तर इलेक्ट्रॉनची लहर न अडखळता पार होते. अडथळा येतो तो अणूंच्या थरथरण्याचा आणि भेसळीचा. असंख्य अणू जवळ आले की एकट्या अणूतल्या पायऱ्या पसरून पट्टे होतात, आणि वरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहत नाहीत.

ड्रूड १९०६ मध्येच, बेचाळिसाव्या वर्षी गेला. आपलं उत्तर का जुळलं, हे त्याला कधीच कळलं नाही. असो. सोमवारी ऑफिसला गेल्यावर आधी ‘पास’ झालेल्या टेस्ट उघडून बघणार आहे.