वर्गातला कॉपीराइट

शाळा-कॉलेजांत कॉपीराइटचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पानांची झेरॉक्स काढली तर चालते? कोणी दहा टक्के सांगतो, कोणी एक प्रकरण. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, शिकवण्यासाठी काढलेल्या प्रतींना असे कोणतेही माप लावलेले नाही. शिक्षकवर्गात फिरणारा दहा टक्क्यांचा आकडा बहुधा यूजीसीच्या 2018 च्या विनियमांतून उचललेला आहे, आणि ते विनियम वाङ्मयचौर्याबद्दल आहेत. प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, एवढेच ते सांगतात.

ही गल्लत आधी दूर करायला हवी. दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर खपवणे म्हणजे वाङ्मयचौर्य. हक्कदाराच्या परवानगीशिवाय त्याच्या कृतीची प्रत काढणे, ती प्रकाशित करणे, भाषांतर करणे किंवा लोकांपुढे सादर करणे म्हणजे कॉपीराइटचा भंग. ज्ञानेश्वरांची ओवी स्वतःच्या नावावर छापणारा चोर ठरेल, पण कॉपीराइट मोडल्याचा खटला त्याच्यावर होणार नाही. उलट पुलंचे अख्खे पुस्तक स्कॅन करून, त्यांचे नाव ठळक छापून व्हॉट्सॲपवर पाठवणारा माणूस श्रेय अगदी प्रामाणिकपणे देतो आणि कायदा मोडतो. ‘सौजन्य’ लिहिले की सगळे माफ, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

संरक्षण मिळते ते मांडणीला, कल्पनेला नाही. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली हे सूत्र पक्के केले. प्रांतवाद हा विषय दोन्हीकडे होता. पण विषयावर कोणाची मालकी नसते. पायथागोरसचा सिद्धांत सर्वांचा. तो समजावताना एखाद्या लेखकाने लिहिलेला मजकूर आणि काढलेली आकृती त्याची. नोंदणीची गरज नसते, कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो.

मुदतीचे गणित मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्यावे. लेखकाच्या मृत्यूचे वर्ष संपल्यावर पुढची 60 वर्षे. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तके 1 जानेवारी 2011 पासून सर्वांना खुली. पुल 2000 साली गेले, म्हणून 2060 संपेपर्यंत थांबावे लागेल. ही मुदत पूर्वी 50 वर्षांची होती. 1941 साली निधन झालेल्या रवींद्रनाथांचे साहित्य खुले होण्याच्या बेतात असताना ती 1992 साली वाढवण्यात आली. कायद्यामागे कोणाचे हितसंबंध असतात, हे शिकवायला याहून बोलके उदाहरण नाही. आणखी एक खाच अशी की एकाच गोष्टीवर हक्कांचे थर असतात. तुकारामांचा अभंग खुला आहे. त्याचे गेल्या दशकातले ध्वनिमुद्रण खुले नाही.

आता मूळ मुद्दा. कायद्याचे कलम 52 अपवादांचे आहे. खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा यांसाठी उचित वापर तर आहेच, पण त्याखेरीज शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद आहे: शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत, तसेच प्रश्नपत्रिकेत आणि उत्तरात केलेली प्रत हा भंग नाही. बालभारतीच्या पुस्तकात आतल्या पानावर, संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशी ओळ असते. त्यातला उतारा चाचणीत घालणाऱ्या शिक्षकाने त्या ओळीला घाबरायचे कारण नाही. कायद्याने दिलेली मोकळीक छापील सूचनेने जात नाही.

या तरतुदीचा कस लागला दिल्लीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातले रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे दुकान अभ्यासक्रमाप्रमाणे वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून, बांधून विद्यार्थ्यांना विकत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012 साली दुकान आणि विद्यापीठ, दोघांवरही दावा लावला. विद्यार्थी संघटना मध्ये पडल्या. 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. आपल्या विद्यार्थिदशेत ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवावी लागत, याची आठवण त्यांनी निकालपत्रात दिली आहे. जे हाताने केलेले चालते ते यंत्राने केले म्हणून गुन्हा होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. त्याच वर्षी 9 डिसेंबरला खंडपीठाने प्रकरण एका तथ्याच्या तपासणीसाठी परत पाठवले: एकत्र केलेला मजकूर त्या अभ्यासक्रमाला खरोखर लागत होता का? किती पाने, ही कसोटी मात्र त्यांनीही मानली नाही. शिकवण्याच्या हेतूला आवश्यक तेवढे, हीच कसोटी. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

यावरून ‘शिक्षणासाठी काहीही चालते’ असा अर्थ काढणे चुकीचे. पूर्ण पाठ्यपुस्तकाची पीडीएफ कोणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवली, तर अध्यापनाचा ओघ कुठे राहिला? स्नेहसंमेलनाचेही तसेच. विद्यार्थी-शिक्षकांनी बसवलेले नाटक विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळींपुढे झाले तर परवानगी लागत नाही. त्याच नाटकाला तिकीट लावून गावाला बोलावले किंवा चित्रीकरण यूट्यूबवर टाकले की ही सवलत संपते. संहिता तीच, नट तेच, प्रेक्षक बदलले.

आपल्याकडे शिक्षकांना कॉपीराइट शिकवतात तो धाक म्हणून, तेही फक्त दुसऱ्याच्या हक्काचा. स्वतःचा हक्क त्यांना कोणी सांगत नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक संस्था असते, करारात वेगळे ठरले नसेल तर. पण प्रश्नपत्रिकासुद्धा वाङ्मयीन कृती आहे, आणि ती काढणारा बाहेरचा परीक्षक नोकर नसतो, असे लंडन विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांवरून झालेल्या खटल्यात 1916 सालीच ठरले. विद्यापीठाकडे हक्क आला तो परीक्षकांनी नेमणुकीच्या अटीत देऊ केल्यामुळे. तेव्हा पेपर काढण्याच्या पत्रावर सही करण्याआधी अटी वाचाव्यात.

विद्यार्थी तर कोणाचाच नोकर नाही. त्याचा निबंध, त्याचे चित्र त्याचेच. कलम 19 प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. वार्षिकांकात एकदा छापले म्हणून ते होत नाही. तोच निबंध पुढे विक्रीच्या पुस्तकात घ्यायचा असेल, तर आधी त्या मुलाला आणि त्याच्या पालकांना विचारा.