मूठ आणि पाते

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण सर्वच जण वापरतो. परंतु त्या दांड्याचा स्वतःचा इतिहास काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कुऱ्हाडीचे पाते एका माणसाचा जन्म पाहते, तर दांडा त्या अवधीत अनेकदा बदलावा लागतो. पोलाद टिकते, लाकूड झिजते. म्हणूनच इतिहासाने पात्यांची नोंद ठेविली आणि मुठींचा विसर पडू दिला.

श्रोतेहो, आपल्या हैदराबादच्या परिसरात या दोहोंचा संबंध स्पष्ट दिसून येतो. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम् नावाचे गाव आहे. तेथे मुशीत पोलाद तयार होई. व्हॉयसी या इंग्रज संशोधकाचे त्याविषयीचे वर्णन १८३२ साली प्रसिद्ध झाले. इराणी व्यापारी या पोलादाच्या वड्या खरेदी करून स्वदेशी नेत. म्हणजे पोलाद दख्खनचे आणि मूठ इराणी कारागिराची! याच्या उलटही घडे. युरोपातून आलेल्या सरळ पात्यांना दख्खनचे कारागीर आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. त्या तलवारीला ‘फिरंग’ हे नाव पडले, ते पात्यामुळे. पाते दूरदेशी जाई, मूठ मात्र धरणाऱ्या हाताच्या गावची असे.

जी गोष्ट शस्त्रांची, तीच अवजारांची. गावचा सुतार बाभळीचे लाकूड वाकसाने तासून दांडा करी. कातारी खरादावर लाकूड कातीत असे खरे. परंतु खरादावर सहज उतरते ती गोल वस्तू. कुऱ्हाडीचा दांडा मात्र लंबगोल हवा. पात्याची धार कोणीकडे आहे, हे त्यामुळे न पाहताही हाताला कळते. ही अडचण अमेरिकेतील थॉमस ब्लँचर्ड याने दूर केली. १८१९ साली त्याने नमुन्याच्या आकाराबरहुकूम लाकूड कापणारे यंत्र सिद्ध केले. ते होते बंदुकीच्या दस्त्यांसाठी. पुढे त्याच तत्त्वावर कुऱ्हाडीचे दांडे निघू लागले आणि मूठही पात्यासारखी परदेशी जाऊ लागली.

हैदराबादेतही यंत्रयुग अवतरले. निजामाच्या रेल्वेचा लालागुडा येथील कारखाना १८९३ साली सुरू झाला. १९४३ साली स्थापन झालेल्या प्रागा टूल्स या कारखान्याने पुढे यंत्रांचे ‘चक’ बनविले. फिरत्या यंत्रात हत्यार वा वस्तू घट्ट धरणारा चक म्हणजे यंत्राची मूठच नव्हे काय?

आज यंत्रशाळेत दांडा बदलणे सोपे झाले आहे. नेढ्यात अडकलेला जुना तुकडा ड्रिलने पोखरून काढता येतो, नवा दांडा लेथवर कातता येतो, पाचरीसाठी यांत्रिक करवतीने खाच पाडता येते. तथापि एक गोष्ट यंत्राला दिसत नाही, ती म्हणजे लाकडाचा रेषा. सुतार लाकूड फोडून घेई, तेव्हा ते आपोआप रेषांच्या दिशेने फुटे. लेथ मात्र आडवा रेषाही तितक्याच गुळगुळीतपणे कापतो. असा दांडा दिसायला देखणा, पण घावासरशी मोडणारा. त्याचप्रमाणे ओले लाकूड नेढ्यात ठोकले, तर ते वाळताच आकसते आणि पाते सैल होते. सैल पाते निसटले, की ते धरणाऱ्याला सोडून शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला लागते. दांडा गोतास काळ ठरतो, तो असाही!

म्हणून यंत्राने आकार द्यावा. परंतु लाकूड पारखावे, वाळू द्यावे, पाचर ठोकून पाते हलवून पाहावे, ते माणसानेच. पात्याला धार कितीही असो, त्याचा भरवसा अखेर मुठीवरच असतो.