लाकडाच्या संपत्तीतून उभे राहिलेले क्रीडांगण

अमेरिकेच्या वायव्येकडील ऑरेगन हा मुलूख डग्लस फर वृक्षांच्या निबिड अरण्यांनी व्यापलेला असल्याने तेथील कित्येक घराण्यांची संपत्ती लाकडाच्या व्यापारातूनच निर्माण झाली, आणि त्या संपत्तीचा काही अंश युजीन येथील विद्यापीठाच्या क्रीडांगणाकडे वळावा हे मला अत्यंत उचित वाटते.

१९०५ साली पोर्टलंड शहरी लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेच्या शताब्दीचे प्रदर्शन भरले, तेव्हा सेंट जॉन्स येथील पोर्टलंड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी हा खोकी बनविणारा एक मामुली कारखाना होता. प्रदर्शनात काही अपूर्व वस्तू मांडावी म्हणून तेथील कारागिरांनी लाकडाचे पातळ पदर, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे अशा रीतीने, सरसाने एकमेकांस चिकटवून प्लायवूड बनविले. सरस पसरावयास रंगाऱ्याचे कुंचले आणि तक्ते दाबून धरावयास घरे उचलण्याचे जॅक, एवढीच त्यांची सामग्री! परंतु दारे व ट्रंका बनविणाऱ्यांच्या मागण्या येऊ लागल्या, १९०७ पर्यंत सरस लावण्याचे स्वयंचलित यंत्र बसले, आणि दररोज ४२० तक्ते बाहेर पडू लागले. ऑट्झन घराण्याचा या कारखान्यात हिस्सा होता. त्याच घराण्यातील थॉमस ऑट्झन यांनी प्लायवूडच्या धंद्यात मोठा लौकिक मिळविला.

१९५८ साली ते निवर्तले. त्यांच्या कुटुंबाच्या न्यासाने पुढे ऑरेगन विद्यापीठास अडीच लाख डॉलर दिले. नव्या क्रीडांगणाच्या एकूण खर्चाचा हा सुमारे दशांश होय. तथापि त्या वेळी विद्यापीठाची अडचण किती बिकट होती हे पाहिले म्हणजे या रकमेचे मोल कळते: हेवर्ड फील्ड हे जुने मैदान इतके अपुरे पडे, की फुटबॉलचे मोठे सामने सुमारे ११० मैलांवरील पोर्टलंडला खेळवावे लागत, आणि युजीनचे रहिवासी आपल्याच संघाच्या महत्त्वाच्या खेळास मुकत. क्रीडाप्रमुख लिओ हॅरिस यांनी विलामेट नदीपलीकडील जागेची तजवीज केली होती; तेथे जमीन खोल खणून, निघालेली माती सभोवती रचून, प्रेक्षकांच्या रांगा उतरत्या बसविण्यात आल्या, त्यामुळे वरचे मजले बांधण्याचा खर्च टळला.

या देणगीतील औदार्य मला विशेष भावते ते आणखी एका कारणाने. थॉमस ऑट्झन स्वतः कॉर्व्हॅलिसच्या, म्हणजे ऑरेगनच्या कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठाचे विद्यार्थी, तर त्यांचा पुत्र युजीनचा. आणि क्रीडांगणाला नाव मिळाले ते पित्याचे. पुत्राने आपल्या विद्यापीठात पित्याचे स्मारक उभारताना दोन्ही संस्थांमधील जुने वैर आड येऊ दिले नाही, आणि विद्यापीठानेही ते नाव निःसंकोच धारण केले.

२३ सप्टेंबर १९६७ रोजी कोलोरॅडोविरुद्धचा पहिला सामना यजमानांनी १७–१३ असा गमावला. मात्र मोठ्या सामन्यासाठी पोर्टलंडची वाट धरण्याची युजीनकरांची सक्ती त्या दिवसापासून संपली.