सणाचा रंग कोण ठरवतं?

नवरात्र जवळ आलं की बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा पहिल्या माळेला कोणता रंग? कुणाच्या तरी मोबाईलवर यादी येते आणि मग कपाटातल्या साड्यांची मोजणी सुरू होते. निळी आहे, जांभळी नाही. राखाडी कुणाकडे आहे का? आज आपण याच रंगांची गोष्ट बोलू. संक्रांतीला काळी, श्रावणात हिरवी, हळदीला पिवळी. हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं?

जुन्या काळी कापडाचा रंग शेतातून आणि रानातून यायचा. पिवळा हळदीतून, निळा नीळ नावाच्या झुडपाच्या पाल्यातून, लाल मंजिष्ठाच्या मुळांतून. काळ्यासाठी हिरडा आणि लोखंड लागायचं. आपल्या सह्याद्रीत हिरडा भरपूर. त्याच्या तुरटपणाशी लोखंडाचा संयोग झाला की कापड काळं होतं.

हिरवा रंग मात्र एका दमात होत नसे. कापड आधी निळीत बुडवायचं आणि मग पिवळ्यात. म्हणजे दोन रंगांचा खर्च आणि दुप्पट मेहनत. हळदीचा पिवळा उन्हाने उडतो, म्हणून त्यातून केलेला हिरवाही फिका पडून निळसर दिसू लागे.

करडई आपण तेलासाठी पेरतो. पण तिच्या पाकळ्यांतूनही रंग निघायचा, त्याला कुसुंबी म्हणत. पाकळ्या धुऊन आधी पिवळं पाणी काढून टाकायचं, मग खार घालून लाल रंग सोडवायचा. दिसायला फार सुंदर, पण कच्चा. धुतला की उतरे, उन्हात ठेवला की विटे. काटे टोचून घेत पाकळ्या खुडायच्या आणि रंग टिकणार एखाद्या सणापुरता. सणासाठी कापड पुन्हा रंगवून घ्यायची पद्धत अशा कच्च्या रंगांमुळेही पडली.

ऋतूचाही हिशोब होताच. एरवी शुभकार्यात काळं नको म्हणणारे आपण संक्रांतीला मात्र काळी चंद्रकळा नेसतो. काळं कापड ऊन शोषून घेतं, अंगाला ऊब देतं, आणि संक्रांत येते ऐन थंडीत. तीळ, गूळ आणि काळी साडी, तिन्ही ऊब देणारी. नव्या सुनेच्या काळ्या साडीवर हलव्याचे पांढरे दागिने उठूनही दिसतात. श्रावणात रान हिरवं असतं, तेव्हा मंगळागौरीला चुडा हिरवा आणि साडीही हिरवी.

मग गोष्ट बदलली ती दूर लंडनमध्ये. 1856 साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं औषध, क्विनाइन, प्रयोगातून तयार करायला बसला होता. औषध जमलं नाही, पण दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या पदार्थापासून जांभळा रंग निघाला. कारखान्यात रंग करता येतो हे जगाला कळलं. पुढे मंजिष्ठाचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला. 1897 मध्ये एका जर्मन कंपनीने कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली.

याचे दोन परिणाम झाले. पूर्वी पैसेवाल्यांच्या घरातच दिसणारे रंग साध्या घरातही आले. आठवडी बाजारात पुडीतला रंग मिळू लागला, हिरवं लुगडं दुप्पट मेहनतीचं राहिलं नाही. पण रंगाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बसला. निळीच्या शेतकऱ्यांचे हाल तर आधीपासूनच होते. बंगालमध्ये 1859 साली त्यांनी नीळ पेरायला नकार देऊन बंड केलं. 1917 मध्ये गांधीजी बिहारमधल्या चंपारण्यात गेले, तेही निळीच्या सक्तीने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठीच. आपल्या अंगावरच्या निळ्या रंगामागे एवढा इतिहास आहे.

आता नवरात्रीच्या नऊ रंगांकडे येऊ. पुष्कळ जणींना वाटतं की हे पोथीत लिहिलेलं आहे. तसं नाही. ही प्रथा या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबईतल्या एका मराठी वर्तमानपत्राने सुरू केली. रोजचा रंग छापायचा, बायकांनी त्या रंगाच्या साडीत फोटो पाठवायचे. नोकरी करणाऱ्या बायकांनी ती उचलून धरली. लोकलचे डबे, शाळा, बँका एका रंगात दिसू लागल्या. तिथून ती तालुक्याला आली आणि मग आपल्या वस्तीवर. म्हणजे आपल्यातल्या कित्येक जणींच्या लग्नानंतर जन्मलेली ही रीत आहे.

मजा आहे त्यात, नाही कशाला म्हणायचं? सगळ्या एका रंगात उभ्या राहिलो की छान वाटतं. पण एक साडी पाचशेची धरली तरी नऊ साड्यांचे साडेचार हजार होतात. जिच्याकडे तो रंग नाही ती त्या दिवशी आरतीला मागे उभी राहते किंवा येतच नाही. देवीने हे मागितलेलं नाही.

पण रंगावरून बाईला मागे उभं करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. एके काळी ब्राह्मण घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन करत आणि तिला जाडंभरडं लाल आलवण नेसवत. इतर अनेक घरांत पांढरं किंवा विटकं. हिरवा चुडा गेला, कुंकू गेलं. 1890 मध्ये मुंबईतल्या न्हावी मंडळींनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. आलवण काळाच्या ओघात गेलं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा मैत्रिणीला बोलवायचं की नाही, हा प्रश्न अजून आपल्या उंबऱ्यावर उभा आहे.

इथे नऊ रंगांची ती नवी यादी एक वेगळंच काम करून गेली. त्या यादीत सवाष्ण-विधवा असा रकाना नव्हता. कुणीही हिरवं नेसावं, कुणीही लाल. पांढरा आणि राखाडी रंगही त्यात आले, आणि सवाष्णींनी ते हौसेने नेसले. ज्या पांढऱ्याला आपण दुःखाचा रंग म्हणत होतो, तो एका दिवसासाठी सगळ्यांचा झाला.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की आमच्या गावात पतीच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं.

मैत्रिणींनो, रंग कधी रानाने ठरवला, कधी थंडीने, कधी कारखान्याने, तर कधी वर्तमानपत्राने. मग तो आपण का ठरवू नये? या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी बोलून बघा. नऊ साड्या विकत न घेता एकमेकींच्या साड्या नऊ दिवस फिरवता येतील का? रंग जुळला नाही तरी आरतीचं ताट प्रत्येकीच्या हाती जाईल, असं ठरवता येईल का? आणि येत्या संक्रांतीला वाण देताना कुणाचं नाव यादीतून सुटणार नाही ना?

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. आम्ही ते पुढच्या भागात सगळ्यांना सांगू. नमस्कार.