पहिले पिस्तूल कोणाचे?

आज पिस्तुलाबद्दल बोलायचे आहे. दचकू नका, चोर-पोलिसांची गोष्ट नाही. नेमबाजीच्या खेळातले पिस्तूल बायकांच्या हाती कसे आले, आणि तुमच्या घरातली मुलगी उद्या म्हणाली की मला हे शिकायचेय, तर पहिले पिस्तूल कोणते घ्यायचे, एवढेच सांगते.

आपल्या नाशिकात पिस्तूल म्हटले की जुन्या माणसांना १९०९ साल आठवते. २१ डिसेंबरच्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राऊनिंगचे, लंडनहून लपवून आणलेले. लपवून आणायचे कारण असे की १८७८च्या कायद्याने आपल्या माणसांना परवान्याशिवाय हत्यार ठेवायला बंदी होती. परवाना मिळायचा तो संस्थानिकांना, जमीनदारांना, साहेबांच्या मर्जीतल्यांना. त्यामुळे नेमबाजी हा वाड्यातला आणि शिकारीतला शौक राहिला. शेतकऱ्याच्या लेकीचा त्यात संबंधच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हे बदलायला एक मराठी माणूस कारणी लागला. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची एक मोठी स्पर्धा त्यांच्याच नावाने होते. नेमबाज मुली घरी येऊन सांगतात, “मी मावळंकर खेळून आले.” ऐकणाऱ्याला वाटते, हा कुठला नवा खेळ!

ऑलिंपिकमध्ये नेमबाजी १८९६ पासून आहे, पण बायकांसाठी वेगळ्या स्पर्धा १९८४ साली लॉस एंजेलिसला सुरू झाल्या. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. त्यानंतरही बायकांना दहा मीटर एअर पिस्तुलात चाळीसच गोळ्या आणि पुरुषांना साठ, असा हिशेब बरीच वर्षे चालला. २०१८ पासून दोघांनाही साठ. बाईचा हात लवकर दमतो असे कोणाला वाटत होते, कोण जाणे. हंडा उचलताना तर कोणी मोजत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलींसाठी दार उघडले ते एनसीसीने. तिथे रायफल सरकारी, गोळ्या सरकारी, शिकवणारा सरकारी. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतूनच आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्यांच्या हातात रायफल होती. पिस्तुलात नाव काढले ते पुण्याच्या खडकीतल्या अनिसा सय्यद आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाच्या जोडीच्या प्रकारात या दोघींनी मिळून सुवर्ण जिंकले. एकेरीत अनिसांना सुवर्ण, राहीला रौप्य. राहीने २०१३ मध्ये कोरियात चांगवॉनला विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण घेतले. पिस्तुलात तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय. मग कोपर दुखावले, खेळ थांबला. परत आली तेव्हा मुंखबायर दोर्जसुरेन या मंगोलियात जन्मलेल्या, जर्मनीकडूनही ऑलिंपिक पदक मिळवलेल्या बाईंकडे शिकली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या मुलीशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, जादा फेऱ्या खेळाव्या लागल्या, आणि राही जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

आता पहिल्या पिस्तुलाकडे येऊ. राही खेळते ते पंचवीस मीटरचे पिस्तूल .२२ बोअरचे, खऱ्या काडतुसाचे. ते शस्त्र कायद्यात येते. त्याला परवाना लागतो आणि वय २१ पूर्ण लागते. नवशिकी मुलगी तिथून सुरुवात करत नाही. तिचे पिस्तूल म्हणजे दहा मीटरचे एअर पिस्तूल. त्यात दारू नसते, दाबलेली हवा असते. छर्रा शिशाचा, साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. या मापाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. पण खेळणेही समजू नका. जवळून डोळा जाऊ शकतो.

समोरच्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. तो दहा मीटरवरून, एका हाताने, हात लांब करून. पिस्तूल जास्तीत जास्त दीड किलोचे चालते. दीड किलो ऐकायला थोडे वाटते, पण तेवढ्या वजनाचा तांब्या हात सरळ ठेवून मिनिटभर धरून पाहा. म्हणून दुकानात पहिली गोष्ट पाहायची ती मूठ. लाकडी मूठ हाताच्या मापाची हवी. मोठ्या भावासाठी घेतलेले पिस्तूल धाकटीच्या हातात बसत नाही. मूठ लहान-मध्यम-मोठी मिळते, आणि पुढे कानशीने घासून हातासारखी करतात. दुसरे, चाप. नियमाने तो दाबायला निदान अर्ध्या किलोचा जोर लागला पाहिजे. स्पर्धेआधी वजन टांगून तपासतात.

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी, इटलीची पिस्तुले चांगली, पण किंमत लाखाच्या पुढे. आणि महाग म्हणजे बिनघोर असेही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले, दुरुस्तीत मिनिटे गेली, अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदके मिळवली.

माझे मत विचाराल तर पहिले पिस्तूल विकत घ्यायचेच नाही. पहिले सहा महिने रेंजवरचे, क्लबचे वापरायचे. आपल्याकडे सोय आहे. नाशिकला पोलीस अधिकारी राहिलेले भीष्मराज बाम यांनी खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेण्याचे काम वर्षानुवर्षे केले. नेमबाज लांबून त्यांच्याकडे येत. मोनाली गोऱ्हे यांनी इथूनच प्रशिक्षक म्हणून नाव मिळवले. २०२१ च्या कोरोनात त्या गेल्या. पॅरिसला रायफलमध्ये कांस्य जिंकलेला स्वप्नील कुसळेही राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीतून नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत आला तेव्हा पोरसवदाच होता. वडील शिक्षक, आई गावची सरपंच.

शिवाय नवशिक्याचा निम्मा सराव छर्ऱ्याशिवाय होतो. रिकामे पिस्तूल भिंतीकडे धरायचे, श्वास सोडायचा, हात न हलवता चाप दाबायचा. दिवसाला शेकडो वेळा. त्याला छर्ऱ्यांचा खर्च नाही. हे कंटाळवाणे काम मुलगी महिनोन् महिने करते का, तेवढे बघा. बचत गटाकडे पिस्तुलासाठी कर्जाचा अर्ज आला तर दुकानदाराचे कोटेशन पाहण्याआधी रेंजवरचे हजेरीपुस्तक मागवा, आणि पिस्तूल बिघडले तर दुरुस्त कुठे होईल, नाशिकात की दिल्लीला, हे लिहून घ्या.