तळटीप ३ : ‘लपण’

३. लपण : ‘लपणात बसलो’ या मूळ पाठातील शब्दांवरून वाचकाने झाडावरील मचाण समजू नये; पाणवठ्याच्या अथवा चराईच्या वाटेच्या कडेस, जमिनीवरच, काटेरी फांद्या व वाळले गवत यांचा आडोसा करून शिकाऱ्याने दडून बसावयाची जागा ती लपण. मचाणावरील मनुष्य जनावराच्या नजरेच्या वर असतो. लपणातील मनुष्य मात्र त्याच्याच पातळीवर असल्यामुळे, बंदुकीचा घोडा चढविताना होणारी ‘खट्’, टाचेखाली सरकलेला खडा किंवा दाबूनही न दबलेला खोकला एवढ्यानेच हरणांच्या कळपातील एखादी मादी मान उंचावते, जागच्या जागी हवेत उसळी घेते, आणि तिच्यामागे सारा कळप उधळून मैदान रिकामे होते. लेखकाने घोडा आगाऊच चढवून ठेवला व सोबत्याशी केवळ बोटांच्या खुणांनी संभाषण केले, त्याचे कारण हेच.

पाठातील हा प्रसंग पालमच्या माळावरील आहे. आज जेथे दिल्लीचा विमानतळ आहे त्या परिसरात मोगल बादशहा शिकारीस येत; त्याहून जुनी, फिरोजशाह तुघलकाच्या (कार. १३५१–१३८८) अमदानीतील शिकारगाह म्हणजे दिल्लीच्याच ‘रिज’ या डोंगरधारेवरील मालचा महाल. पाठातील ‘हरिण’ हे वस्तुतः काळवीट, म्हणजे शास्त्रदृष्ट्या कुरंग (अँटिलोप) होय. १९७२च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमान्वये त्याची शिकार हा दंडनीय अपराध आहे.